वाचकांचे प्रश्न: तरुण पायपर गेला, आता काय वाजवायचं?

या वेळी एकाच विषयावरची पत्रं आली, म्हणून सगळं सदर त्यालाच दिलं आहे. बँडमधला एखादा लाडका वादक ऐन तारुण्यात जातो. त्याच्यासाठी वाजवायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण काय वाजवायचं, कुठे उभं राहून आणि किती वेळ, हे कोणी ठरवलेलं नसतं. मागे राहिलेला त्याचा बॅगपाइप तर घरच्यांना कोडंच असतो.

उत्तरांआधी चार शब्द. पायपर म्हणजे बॅगपाइप वाजवणारा. बॅगपाइपची पिशवी काखेत असते. ब्लोपाइपमधून तिच्यात हवा भरतात. समोर बोटांनी वाजते तो चँटर, त्याची रीड सनईच्या जिभाळीसारखी दुपदरी. खांद्यावर उभे असतात ते तीन ड्रोन (आकाशात उडणारे नव्हेत): दोन टेनर, एक बेस. सनईच्या मागे सूरवाला जे काम करतो ते इथे ड्रोन करतात आणि धून संपेपर्यंत ते थांबत नाहीत.

प्रश्न: आमचा माजी विद्यार्थ्यांचा बँड आहे. 26 वर्षांचा आमचा पायपर अचानक गेला. त्याच्या अंत्ययात्रेत वाजवलं, पण सगळं विस्कटलं. चालीशी चाल जुळेना, मधेच चँटर बंद पडला आणि धून संपल्यावरही ड्रोन बराच वेळ रडत राहिले. घरच्यांसमोर फार ओशाळल्यासारखं झालं. आता शोकसभेत पुन्हा वाजवायचं आहे. नक्की काय चुकलं? (बेळगाव)

तीन गोष्टी चुकल्या आणि तिन्हींचा भावनेशी संबंध कमी, हवेशी जास्त.

पहिली गोष्ट चालीची. बँडचा संथ मार्च मिनिटाला 60 ते 65 पावलांचा असतो. आपल्याकडची अंत्ययात्रा त्या गतीने कधीच जात नाही. खांदेकरी झपझप चालतात, खांदा बदलताना थबकतात, पुन्हा निघतात. तिच्याबरोबर चालत वाजवायचा हट्ट धरला की ताल मोडणारच. असं वाजवायचं असेल तर चालूच नका. घराच्या वळणावर किंवा स्मशानाच्या फाटकाशी एका जागी उभे राहा आणि यात्रा तुमच्यासमोरून जाऊ द्या. स्मशानात पत्र्याच्या शेडखाली तर मुळीच नको. तिथे आवाज घुमतो आणि भटजींचा मंत्रही कोणाला ऐकू येत नाही. शेडपासून तीस-चाळीस पावलं लांब, धुराच्या उलट बाजूला उभं राहायचं. पायपर भरभरून श्वास घेतो, तेवढाच धूरही आत घेतो.

दुसरी गोष्ट चँटर बंद पडण्याची. गळा दाटून आला की श्वास अर्धा होतो. पिशवीत हवा कमी जाते, कोपराचा दाब ढिला पडतो आणि रीड आधी उतरते, मग चोक होते. गळा दाटणं कोणाच्या हातात नसतं, त्यामुळे तयारी त्याला धरूनच करावी लागते. सर्वांत जवळच्या मित्राला एकट्याने वाजवायला लावू नका, हा आमचा ठाम सल्ला आहे. तो आग्रह धरेल, तरीही. त्याला वाजवायचंच असेल तर शेजारी दुसरा पायपर तीच धून तयार करून, वाद्य सुरात लावून उभा ठेवा. पहिला थांबला की दुसऱ्याने पुढच्या भागापासून उचलायचं, हे आधीच ठरलेलं हवं. आणि त्या दिवसासाठी चँटरला नेहमीपेक्षा एक घर हलकी रीड लावा. आवाज थोडा पातळ होईल, पण अर्ध्या श्वासातही बोलेल. ती आयत्या वेळी बसवायची नाही, किमान चार दिवस आधी वाजवून मुरवायची.

याला आणखी एक कारण असतं, ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: थांबून राहणं. गार वाद्याचा सूर उतरलेला असतो, वाजवून ते तापलं की चढतो. पंधरा मिनिटं वाजवून सुरात आणलेला पाइप भाषणं संपेपर्यंत काखेत थंड झाला की चँटर आणि ड्रोन आपापल्या वाटेने जातात. शोकसभेत तुमचा एक माणूस आत बसवा. शेवटचा वक्ता उठला की त्याने बाहेर खूण करायची आणि पायपरने लांब जाऊन पाच मिनिटं वाद्य तापवायचं. उन्हात उभं राहायचं नाही. एका अंगाला ऊन लागलं तरी ड्रोन हलतात.

तिसरी गोष्ट, मागून रडणारे ड्रोन. चँटरपेक्षा ड्रोनला कमी दाब पुरतो, म्हणून शेवटच्या सुरानंतर पिशवीत उरलेल्या हवेवर ते बोलत राहतात. शेवटचा सूर संपताना फुंकणं थांबवायचं आणि त्याच क्षणी कोपर पिशवीवरून पूर्ण उचलायचं. हात हळूहळू सोडला की ड्रोन कुंथत कुंथत मरतात. हे थांबणं धुनेइतकंच घोकावं लागतं. रोज वीस वेळा नुसतं सुरू करा आणि थांबा. सुरू करतानाही तसंच आहे: पिशवी अर्धी-पाऊण भरायची, तळहाताची थाप देऊन ड्रोन बोलते करायचे आणि मगच कोपराचा दाब देऊन चँटर. दाब आधी गेला तर चँटर किंचाळतो, आणि शोकसभेत ती किंचाळी वर्षभर लोकांच्या लक्षात राहते.

आता बँडची मांडणी. साइड ड्रमच्या तारा खटक्याने सोडून द्या, वर काळं कापड बांधा. बेस ड्रमवर जाड कापड टाकलं की ठोका बोथट येतो. गेलेल्या पायपरची जागा रांगेत रिकामी ठेवणार असाल, आणि ठेवावीच, तर आधी दोन तालमी त्या रिकाम्या जागेसकट करा. शेजारचे दोघे नकळत आत सरकत जातात आणि दहाव्या पावलाला जागा बुजलेली असते. उजवीकडच्याने आपल्या शेजाऱ्याकडे न पाहता पुढच्या रांगेतल्या माणसाची पाठ धरून चालायचं. गोलात उभे राहणार असाल तर त्याची जागा घरच्यांच्या समोर येईल असं वळा.

प्रश्न: एकट्या पायपरने वाजवत दूर निघून जायचं, असं व्हिडिओत दिसतं. त्याला काही अर्थ आहे की नुसता देखावा? (बेळगाव, वरच्याच पत्रातून)

अर्थ आहे, आणि तो वाद्यातूनच आलेला आहे. बॅगपाइपचा आवाज लहान-मोठा करता येत नाही. दाब कमी केला तर आवाज मंद होत नाही, बेसूर होतो. सूर विरत न्यायचा असेल तर वादकालाच लांब जावं लागतं.

हिशेब असा. दोन भागांची धून, प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा आणि दोनदा वाजवायचा, म्हणजे 32 खंड. चार-चारच्या तालात 128 ठोके, मिनिटाला 64 च्या गतीने बरोबर दोन मिनिटं. पहिला भाग जागेवर उभं राहून वाजवला आणि दुसऱ्या भागाला वळून निघालं, तर 64 पावलं मिळतात, साधारण 48 मीटर. मोकळ्या मैदानात एवढ्याने आवाज फारसा विरत नाही. पण त्या अंतरावर इमारतीचा कोपरा असेल आणि पायपर शेवटच्या चार खंडांत त्यामागे गेला, तर आवाज एकदम खाली येतो. आदल्या दिवशी पावलं मोजून जागा ठरवा. वारा श्रोत्यांकडून पायपरकडे वाहत असेल तर आणखी चांगलं.

प्रश्न: त्याला अभंग फार आवडायचे. पाइपवर अभंग आणि सोबत पेटी, असं करता येईल का? आमच्या पेटीवाल्याने एकदा प्रयत्न केला, पण काही केल्या सूर जुळेना. (पुणे)

पेटीवाल्याचा काही दोष नाही. आजकालच्या चँटरचा षड्ज, म्हणजे पाइपवाले ज्याला लो ए म्हणतात तो, बहुधा 480 हर्ट्‌झच्या आसपास असतो. काळी पाच 466 ला. पाइप तिच्याहून जवळजवळ अर्ध्या पट्टीच्याही अर्ध्याने वर, काळी पाच आणि पांढरी सातच्या बरोबर मधे अडकलेला. पेटीवर ती पट्टीच नाही. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असेल तर पट्टी काळी पाच ठेवून बारीक सूर 50 सेंटने चढवा. मात्र आधी मोबाइलवरच्या ट्यूनरने तुमचा चँटर मोजा, कारण मेरठ किंवा सियालकोटच्या बनावटीचे बरेच चँटर खालच्या सुराचे निघतात. पेटी नकोच, असं आमचं मत. ड्रोन असताना तंबोरा कशाला? टाळ घ्या, त्याला पट्टीची अडचण नाही.

अभंग निवडताना राग आणि पल्ला दोन्ही बघा. चँटरवर फक्त नऊ सूर आहेत: खालचा कोमल नि, मग सा रे ग म प ध, कोमल नि आणि तार सा. म्हणजे खमाज थाट आणि तोही जेमतेम सव्वा सप्तक. भैरवी येणार नाही, शिवरंजनी येणार नाही, शुद्ध निषादावर उभी असलेली चाल येणार नाही. भूप, दुर्गा, मधमाद सारंग मात्र सुरांच्या हिशेबाने छान बसतात.

अडचण भूपातही आहे. भूपातल्या बऱ्याच चाली षड्जाखाली मंद्र धैवताला जातात आणि चँटरवर तो नाही. अशा वेळी षड्ज चौथ्या सुरावर, म्हणजे पाइपच्या डी वर धरा. आता मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंतचा पल्ला मिळतो, आणि ड्रोन षड्जाचे न राहता पंचमाचे होतात, ते कानाला चालतं. तार षड्ज मात्र गेला. चाल खाली जास्त फिरते की वर, हे गुणगुणून बघा आणि त्यावरून ठरवा. षड्ज दुसऱ्या सुरावर धरून आसावरी काढण्याच्या मोहात पडू नका. बोटं बसतात, पण ड्रोन सतत कोमल निषाद धरून बसतात आणि चाल त्यांच्याशी भांडत राहते.

आणखी एक. पाइपवर सूर तोडता येत नाही, जीभ लावायला जागाच नाही. "विठ्ठल विठ्ठल" मधे एकच सूर दोनदा आला तर तो एक लांब सूर ऐकू येतो. मधे वरच्या बोटाचा झटका, ज्याला ग्रेस नोट म्हणतात, देऊन तो कापावा लागतो. आपल्या कणस्वरासारखं दिसतं, पण काम वेगळं: कण सजावट करतो, हा झटका शब्द वेगळे करतो. अभंगाची अक्षरं लिहून घ्या, जिथे एकच सूर लागोपाठ येतो तिथे खूण करा आणि तिथे झटका ठरवून टाका. मींड मात्र विसरा.

प्रश्न: "फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट" ही धून फक्त अंत्यविधीलाच वाजवतात आणि एरवी वाजवणं अशुभ मानतात, हे खरं का? मग सराव कसा करायचा? "लास्ट पोस्ट" पाइपवर चालेल का? (नाशिक)

अशुभ हा शब्द आपला झाला. स्कॉटलंडमधले पायपर ती चारचौघांत फक्त अंत्यविधीला किंवा स्मृतिदिनाला वाजवतात, हे खरं. एरवी ती कार्यक्रमात घेत नाहीत. सराव एकांतात, बहुतेकदा प्रॅक्टिस चँटरवर करायचा. हा चँटर पिशवीशिवायचा, एक सप्तक खालचा आणि हळू आवाजाचा असतो. धून फ्लॉडनच्या लढाईतल्या मृतांची आहे. 9 सप्टेंबर 1513 ला तिथे स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स पडला आणि त्याच्याबरोबर एक पिढी कापली गेली. नाशिकच्या मुलासाठी ती वाजवावी की नाही, हे तुम्ही ठरवा. बँडला ती आधीपासून येत असेल तर वाजवा, केवळ प्रथा म्हणून आठ दिवसांत शिकून नको. लवकर बसणारी हवी असेल तर "अमेझिंग ग्रेस" बघा. पाच सुरांची चाल, लो ए ते हाय ए असं बरोबर एक सप्तक.

"लास्ट पोस्ट" बिगुलाची आहे, बिगुलावरच राहू द्या.

आणखी खोलात जायचं असेल तर पिब्रॉख ऐका. पाइपचं हे जुनं, मोठं संगीत आणि ख्याल ऐकणाऱ्या माणसाला ते परकं वाटत नाही. आधी उर्लार, म्हणजे संथ मूळ धून (या गेलिक शब्दाचा अर्थच "जमीन"). मग तिच्यावर एकाहून एक गुंतागुंतीच्या आवृत्त्या आणि शेवटी पुन्हा तीच जमीन. शिकवणंही तोंडी: कॅन्टरॅख्ट नावाच्या बोलांत धून गाऊन देतात, तबल्याचे बोल पाठ करावेत तशी. स्काय बेटावरचा सतराव्या शतकातला पायपर पॅट्रिक मोर मॅक्रिमन याच्या नावावर "लॅमेंट फॉर द चिल्ड्रन" हा विलाप सांगतात. परंपरा म्हणते की त्याच्या आठ मुलांपैकी सात एका वर्षात गेली. पूर्ण वाजवायला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात, तेव्हा शोकसभेत नुसता उर्लार घ्यावा. तोही मुरलेल्या हाताने. सुरांची लांबी इथे मेट्रोनोमने ठरत नाही.

प्रश्न: आम्ही ग्लासगोजवळ राहतो. मुलगा इथल्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवतो. त्यांच्यातला एक तरुण पायपर वारला. घरच्यांनी मुलाला "कॉर्ड" घ्यायला बोलावलं आहे. म्हणजे नक्की काय? (ग्लासगो)

मोठा मान आहे. दफनाच्या वेळी शवपेटी दोऱ्यांनी खाली सोडतात आणि त्या दोऱ्या, सहसा आठ, जवळच्या माणसांच्या हातात देतात. आधी एक छोटं कार्ड मिळतं, त्यावर पेटीच्या आकृतीभोवती आकडे असतात. 1 डोक्याशी, तिथे बहुधा वडील किंवा जवळचं माणूस. मुलाचा आकडा कितवा आणि तो कुठल्या बाजूला येतो, हे कार्डावर बघून ठेवायला सांगा. अंत्यसंस्कार करणारा माणूस नावं किंवा आकडे पुकारतो. दोरी दोन्ही हातांत घ्यायची, तो सांगेल तेव्हा हाताखालून हात सोडत द्यायची. झटका द्यायचा नाही, एकट्याने घाई करायची नाही. वजन विभागलेलं असतं, त्यामुळे जोर लागत नाही. गवत ओलं असतं, बुटाचे तळवे घसरणारे नकोत.

गणवेश घालायचा की काळा कोट, हे पाइप मेजरला, म्हणजे बँडच्या प्रमुखाला, विचारा. ते घरच्यांच्या इच्छेवर असतं. वाजवून झाल्यावर टाळ्या नसतात. नंतर जेवण किंवा चहा-सँडविच असतं, ग्लासगोकडे त्याला पर्वी म्हणतात. सुतक म्हणून तिथून निघून येऊ नका, न थांबणं तिथे तुटक दिसतं.

प्रश्न: त्याच्या नावाने दर वर्षी काहीतरी करायचं आहे. स्पर्धा, ढाल, पुतळा अशा सूचना आल्या. तुम्ही काय सुचवाल? (कोल्हापूर)

पुतळा नको. (पाइप धरलेला पुतळा घडवताना ड्रोन हमखास चुकीच्या खांद्यावर जातात, ते डाव्या खांद्यावर असतात.)

स्कॉटिश पायपर गॉर्डन डंकनचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. जन्म 1964, वाढला पर्थशरमधल्या पिटलॉख्रीला, वेल ऑफ अथॉल बँडचा पायपर. त्याचा भाऊही त्याच बँडचा. नोकरी स्थानिक कौन्सिलच्या कचरागाडीवर. चँटरवर एरवी शुद्ध गंधारच असतो, पण हा पठ्ठ्या आडबोटांनी कोमल गंधार काढायचा, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या आणि रॉकच्या चाली पाइपवर आणायचा. डिसेंबर 2005 मध्ये तो गेला, वय 41. त्याच्या नावाने न्यास निघाला, तो तरुण लोकसंगीतकारांना मदत करतो. 2007 मध्ये त्याच्या मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रणांतून एक अल्बम निघाला. पण त्याला खरं जिवंत ठेवलं ते त्याने बांधलेल्या धुनांनी. जगभरचे बँड त्या स्पर्धांच्या मेडलीत वाजवतात, आणि वाजवणाऱ्या पोरांपैकी अनेकांनी त्याला पाहिलेलंही नाही.

तेव्हा पहिलं काम: तुमच्या मुलाने काही धुना बांधल्या होत्या का, ते शोधा. वहीच्या मागच्या पानावर, मोबाइलच्या रेकॉर्डरमध्ये, कुणाला पाठवलेल्या संदेशात. अर्धी सापडली तरी चालेल. ती उतरवून घ्या, अपुरा भाग बँडने पुरा करावा आणि कागदावर कुठला भाग कोणाचा हे लिहावं. काहीच नसेल तर त्याच्यासाठी नवी धून बांधा, दोन भागांची, नऊ सुरांत. पाइपच्या धुनांना माणसांची नावं देण्याची रीतच आहे. बांधणारे नवखे असले की हमखास एक चूक करतात: दुःख दाखवायला धून सारखी वरच्या ए वर नेऊन रडवतात. तो सूर एकूण दोन-तीनदाच येऊ द्या, आणि दुसऱ्या भागासाठी राखून ठेवा.

दुसरं, बक्षीस ढालीचं नको, वस्तूचं द्या. नव्याने शिकणाऱ्या एका मुलाला किंवा मुलीला प्रॅक्टिस चँटर आणि वर्षभराच्या रीड्स. पहिले सहा महिने ते वर्षभर प्रॅक्टिस चँटरवरच जातं आणि बहुतेक मुलं तिथेच सुटतात, एक तर स्वतःचा चँटर नसतो किंवा रीड फुटलेली असते. ढालीचा खर्च याच कामी येऊ दे. एवढ्यासाठी न्यासही लागत नाही, शाळेकडे ठेव ठेवून व्याजातून होतं. लोकांकडून देणग्या घेणार असाल तर मात्र धर्मादाय आयुक्तांकडे 1950 च्या कायद्याखाली नोंदणी करा. ते आधी करा, देणग्या घेऊन झाल्यावर नको.

ध्वनिमुद्रणांबद्दलही याच पत्रात विचारलं आहे. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत दाबलेली असते. तीन ठिकाणी प्रती आणि फाइलच्या नावात तारीख, धून, जागा. झालं.

प्रश्न: भावाचा पाइप वर्षभर पेटीत बंद आहे. आई म्हणते काचेच्या कपाटात ठेवू. बँडची मुलं म्हणतात आम्ही वाजवतो. काय करावं? उघडला तर आत बुरशीचा वास आला. (रत्नागिरी)

वाजवू द्या. आईंना हे कसं सांगायचं ते तुम्ही जाणता, वाद्याच्या बाजूने कारणं आम्ही देतो. न वाजवलेली कातडी पिशवी वाळून कडक होते आणि शिवणीशी गळते. काचेत ऊन लागलं तर लाकूड तडकतं. कोकणात तर उलटंही होतं: पावसाळ्यात लाकूड फुगतं, सांधे घट्ट बसतात आणि जोराने पिळले की स्टॉक (पिशवीत बांधलेली, ड्रोन, चँटर, ब्लोपाइप ज्यात बसतात ती लाकडी नळी) चिरतो. आठवड्यातून तीनदा वाजणाऱ्या वाद्याला या दोन्ही गोष्टींचा त्रास सर्वांत कमी.

पण आत्ता आहे तसा कोणालाही तोंडाला लावू देऊ नका. 2016 मध्ये "थोरॅक्स" या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या 61 वर्षांच्या एका पायपरची केस छापून आली. पाइपमधल्या बुरशीने त्याच्या फुप्फुसांना सूज आली आणि तो त्यातच गेला. मधे तीन महिने तो ऑस्ट्रेलियात होता, पाइप घरी होता, तेव्हा त्याची तब्येत सुधारली होती. बुरशीचा वास येत असताना फुंकर मारायचीच नाही.

क्रम असा ठेवा. मास्क लावून, मोकळ्या हवेत सगळे भाग सुटे करा. सांधा अडला असेल तर पक्कड नको. गार, कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवा, मग हळू पिळा. कुठला ड्रोन कुठल्या स्टॉकमध्ये होता याचा आधी फोटो काढा. ब्लोपाइप प्लास्टिकचा असेल तर कोमट साबणाच्या पाण्याने आतून ब्रशने घासा, त्याच्या टोकाची झडप नवी टाका. लाकूड पाण्यात बुडवायचं नाही, ओलसर कापड दांड्याला गुंडाळून आतून पुसा आणि सावलीत पूर्ण एक दिवस वाळवा. मग ड्रोनच्या नळीला आतून बदामतेलाचा अगदी पातळ हात.

पिशवी कातडी आहे की कृत्रिम ते बघा. कृत्रिम पिशवीला चेन असते, आतून पुसून वाळवता येते, तिच्यात सिझनिंग (कातडी पिशवी मऊ राहावी, गळू नये म्हणून आत ओततात ते मिश्रण) कधीच ओतायचं नाही. कातडी पिशवीत आत बुरशी असेल तर वाचवत बसू नका, बदला. ती पिशवी जपून ठेवायची वस्तू नाही. नवी बसवल्यावर सगळे स्टॉक बुचांनी बंद करून फुगवा. मिनिटभर टणक राहिली तर ठीक. बसली तर आधी शिवण नाही, स्टॉकची बांधणी तपासा, नव्या पिशवीत गळती बहुतेकदा तिथेच असते.

सांध्यांचा पिवळा दोरा, ज्याला हेंप म्हणतात, जुना काढून मेण लावलेला नवा गुंडाळा. स्टॉकमध्ये जाणारा सांधा पिळून घट्ट बसावा. ड्रोनचा वर-खाली सरकणारा सांधा बोटांनी हलावा, पण आपोआप घसरू नये. तुमच्याकडे जूनच्या आधी दोन-तीन वेढे कमी करायचे, दिवाळीनंतर परत घालायचे.

ड्रोनवरची पांढरी कडी नीट बघा. फार जुन्या पाइपवर ती हस्तिदंताची असू शकतात, आणि भारतात हस्तिदंताची खरेदी-विक्री गुन्हा आहे. विकायचा किंवा परदेशी पाठवायचा विचार असेल तर आधी जाणकाराला दाखवा. अलीकडच्या वाद्यांवर नकली दंतच असतं.

आता वाजवणार कोण? बँडमधल्या त्याच्या जागी जो उभा राहील तो. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी सात, असं पंधरा दिवस वाढवत न्यायचं. वर्षभर कोरड्या राहिलेल्या लाकडात एकदम तासभर ओली हवा गेली तर ते तडकतं. वाद्य कोणाकडे आहे, कधी परत यायचं, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. भावनेपोटी हे टाळतात आणि दोन वर्षांनी वाद होतो.

चँटरमधली जुनी रीड मात्र नव्या पायपरला देऊ नका. तिच्या दोन पात्यांवर, टोकाशी, ओठासारखी काळपट झाक आली असेल आणि मधोमध नखाने खरवडल्याच्या रेघा असतील. त्या तुमच्या भावाच्या, आपल्या फुंकेला जमावी म्हणून त्याने खरवडलेल्या. दुसऱ्याच्या छातीला ती एक तर जड जाईल नाहीतर हलकी. ती अलगद, पाती न दाबता, मुळाशी धरून फिरवत काढा आणि छोट्या डबीत कापसाशिवाय ठेवा, कापूस ओल धरतो. काचेच्या कपाटात ठेवायला आईंना ती द्या.